गाली रुंद, पण गाळी किती?

खंडेनवमीला गाडीची पूजा करताना हार बॉनेटला घालतात आणि लिंबू मात्र चाकाखाली ठेवतात. मराठी घरातली खंडेनवमी असो की कन्नड घरातली आयुधपूजा, लिंबाचा मान चाकाचाच. एरवी वर्षभर चाकाकडे कुणी ढुंकून बघत नाही, पंक्चर होईपर्यंत. याला अपवाद विशी-पंचविशीतल्या मुलांचा. त्यांना गाडी दिसायला सुरुवातच चाकापासून होते. संध्याकाळी टिळकवाडीत नाहीतर कॅम्पात जरा उभे राहून बघा. एवढीशी गाडी, पण टायर मडगार्डच्या बाहेर डोकावणारे. पैलवानाचे बूट घातलेले लहान मूल दिसावे तसे ते मला दिसते. त्या मुलांना अर्थात तसे दिसत नाही.

माझ्या भाच्यालाही यंदा हे डोहाळे लागले. माझी थोरली बहीण बैलहोंगलला दिलेली. घरात कन्नड आणि मामाकडे आला की मराठी, असा वाढलेला मुलगा. गाडी २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट, दुसऱ्या हाताची. ती काही हौसेसाठी घेतलेली नव्हती. दाजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला आणावे लागते. जाताना ते पुढे बसून गप्पा मारतात. परतताना मागच्या सीटवर आडवे होतात आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांच्या अंगावर येतो. एका पहाटे गाडी वाटेत अडकली तर त्या दिवसाची पाळी चुकण्याची भीती. म्हणून चाकाचा हा विषय नुसत्या दिसण्याचा राहिला नाही.

भाच्याला एक जुना संच स्वस्तात मिळत होता. एका मोठ्या गाडीवरून उतरलेली साडेसहा इंच रुंदीची चार मॅगव्हील आणि त्यावर २०५/६० आर १६ मापाचे टायर. मी उद्यमबागेत तीस वर्षे लेथवर काढली, म्हणून तो नमुन्याचे एक चाक घेऊन माझ्याकडे आला. "मामा, भोकं जरा जुळंनात. थोडी सरकवून दे की."

भोकांकडे नंतर येऊ. आधी टायरवरचे आकडे. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकड्यात. शेवटचा आकडा चाकाचा व्यास, इंचात. स्विफ्टचे मूळ माप १६५/८० आर १४. म्हणजे भिंत १३२ मिलिमीटर, आणि वरखाली दोन भिंती व मधले चौदा इंच मिळून पूर्ण चाक ६२० मिलिमीटरचे. भाच्याने आणलेले चाक याच हिशेबाने ६५२ चे निघाले. फरक पाच टक्क्यांचा. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ ने पळणार. स्टेअरिंग पुरते वळवले की टायर आतल्या प्लास्टिकला घासणार आणि मागे तीन माणसे बसली की वर मडगार्डला टेकणार. डिकीतली स्टेपनी तर चौदाचीच राहणार. पुढचे चाक पंक्चर झाले तर एका बाजूला ६२० आणि दुसऱ्या बाजूला ६५२, अशी लंगडी गाडी हाकायची.

मुले बहुतेक वेळा फक्त रुंदीचा आकडा बघतात. खरे तर आधी बघायचा तो हा पूर्ण व्यास. तो मूळ मापाच्या एक-दोन टक्क्यांत राहिला की निम्मे प्रश्न उठतच नाहीत.

आता भोके. चार नटांचे चाक असेल तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजायचे. स्विफ्टचे ते १०० मिलिमीटर आहे. या चाकाचे १०८ होते. मधला बोअर ६३.४ भरला आणि स्विफ्टचा हब आहे ५४.१ चा. विकणाऱ्याने भाच्याला सांगितले होते की भोके चार-चार मिलिमीटर आत ओढली की झाले. लेथवाल्या माणसाला हे ऐकून झोप लागायची नाही. नटाची बैठक तिरकी, शंकूसारखी असते आणि त्या शंकूने चाक मध्यावर धरलेले असते. भोक लांबट केले की शंकू अर्ध्याच भागावर टेकतो. मधल्या बोअरचाही आधार नाही. मग रोजच्या धक्क्यांनी नट ढिले पडतात आणि कधीतरी स्टडच तुटतो. अ‍ॅडॉप्टर लावून बसवायचा दुसरा मार्ग सांगतात. त्याने चाक आणखी बाहेर जाते. आधीच साडेसहा इंची चाक मूळच्या पाच इंचीपेक्षा दोन्ही अंगांना १९-१९ मिलिमीटर जास्त. त्यात अ‍ॅडॉप्टरची जाडी भरली की सगळा भार बेअरिंगला बाहेरून लोंबकळतो आणि खड्ड्यात गेले की स्टेअरिंग हाताला हिसका देते. मी भोके सरकवायला साफ नकार दिला. भाचा दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी मीच त्याला घेऊन आमच्या नेहमीच्या टायरवाल्याकडे गेलो. हा म्हातारा माणूस गोकाककडचा. त्याने चाकाकडे बघितलेही नाही. भाच्याला एवढेच विचारले, "गाली दोड्डदु माडती, गाळी एष्टु हाकती?" चाक मोठे करतोस, पण हवा किती भरणार? आपल्या वाचकांना यातली गंमत सांगायला नको. कन्नडमध्ये गाली म्हणजे चाक आणि गाळी म्हणजे हवा. ल आणि ळ एवढाच काय तो फरक, पण सगळी विद्या त्या ळ मध्ये आहे.

कारण गाडीचे वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हिशेब सोपा आहे. गाडी साधारण हजार किलोची, म्हणजे एका चाकावर अडीचशे. हवा तीस पौंड भरली तर एका चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोचा दाब. अडीचशेला त्याने भागले की एकशेवीसच्या आसपास चौरस सेंटिमीटर येतात. एका तळहाताएवढी जागा! तेवढीच रस्त्याला टेकलेली असते. टायर रुंद केला तरी हवा तीच असेल तर हा तळहात फारसा वाढत नाही, त्याचा आकार तेवढा बदलतो. आधी लांबट होता, तो आता आडवा होतो. वळणावर आडवा तळहात बरा, गाडी कमी कलते आणि स्टेअरिंगला पटकन उत्तर देते. "गाडी रस्ता धरून बसती" असे मुले म्हणतात ते यामुळे. कोरड्या रस्त्यावर ते खोटे नाही.

आपला रस्ता मात्र कोरडा किती महिने असतो? जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याने गोव्याला जुलैमध्ये गेलेल्या कुणालाही विचारा. साचलेल्या पाण्यावर टायरला पुढचे पाणी बाजूला सारत जावे लागते. ते जमले नाही की गाडी पाण्यावर तरंगते, मग ब्रेकही नाही आणि स्टेअरिंगही नाही. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानाच्या टायरांचा अभ्यास करून १९६३ साली यावर शोधनिबंध लिहिला. तरंगण्याचा वेग टायरच्या हवेच्या वर्गमुळावर ठरतो, असे त्यांचे गणित. पौंडांतल्या हवेचे वर्गमूळ काढून १६.७ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. तीस पौंडाला ९१. हवा उतरून वीसवर आली की ७४. हे झिजलेल्या टायरचे आणि खोल पाण्याचे गणित आहे, पण रुंद टायरचा आडवा तळहात पाण्याला वाट द्यायला आणखी कुचराई करतो, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवू नये. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर बाद होतो. पावसाळ्यात मी तर तीनवरच बदला म्हणेन.

टायरवाल्याने मग आणखी एक गोष्ट दाखवली, आणि संचाचा सौदा तिथेच मोडला. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. भाच्याच्या 'फक्त थोडे चाललेल्या' टायरवर ३४१६ होते. म्हणजे २०१६ चा ऑगस्ट. नक्षी होती, पण भिंतीला बारीक चिरा पडल्या होत्या. शिवाय मॅगव्हीलच्या आतल्या कडेला वेल्डिंगची रेघ, वर रंग मारलेला. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना ब्लोहोल काय असतो ते माहीत आहे. ओतीव अ‍ॅल्युमिनियम पत्र्याच्या डिस्कसारखे वाकून सांभाळून घेत नाही, ते तडकते. आणि तडकलेले चाक वेल्डिंगने हवा धरते, जोर धरेलच असे नाही.

शेवटी काय बसवले? १८५/६५ आर १५, साडेपाच इंची मॅगव्हीलवर. हिशेब केला तर पूर्ण चाक ६२१.५, म्हणजे मुळापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जास्त. याच स्विफ्टच्या वरच्या झेडएक्सआय मॉडेलला त्या काळी कंपनीच हे माप देत होती, त्यामुळे घासण्याचा प्रश्न कंपनीने आधीच सोडवलेला. रुंदी २० मिलिमीटरने वाढली आणि भिंत १३२ वरून १२० वर आली. भाच्याला अजून एक पायरी वर, १९५/५५ आर १६ हवे होते. व्यासाच्या हिशेबात तेही बसते, पण भिंत १०७ वर येते. मागच्या सीटवरच्या दाजींसाठी त्या तेरा मिलिमीटरचे मोल मला सोळा इंची रुबाबापेक्षा जास्त वाटले. अक्कानेही तेच सांगितले, कन्नडमध्ये आणि जरा चढ्या आवाजात.

टायर घेताना मापाच्या पुढचा आकडाही बघावा. तो भाराचा. मूळ टायरवर ८५ होता, म्हणजे ५१५ किलो. नव्यावर ८८, म्हणजे ५६०. हा आकडा मुळापेक्षा खाली कधीच जाऊ देऊ नये. कायद्याचेही सांगून टाकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीने दिलेले माप सगळ्यात निर्धास्त. विमा कंपनीलाही मॅगव्हीलची नोंद द्यावी, नाहीतर चोरीला गेली की हात चोळत बसायचे.

बसवल्यावर चार नातेवाईक मागे-पुढे कोंबून स्टेअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून बघितले, उतारावर गाडी तिरकी घालून बघितली. कुठे घासले नाही. अलाइनमेंट, बॅलन्सिंग झाले. हवा वरच्या मॉडेलच्या मापाने, सकाळी टायर थंड असताना. पंपावरचे पोरगे न विचारता सगळ्यांना पस्तीस भरते, तिकडे लक्ष ठेवावे लागते. अ‍ॅव्हरेज अठराचे सतराच्या आसपास आले आणि स्टेअरिंग जाग्यावर फिरवताना किंचित जड लागते. रुंदीची एवढी किंमत द्यावीच लागते. भाच्याची तक्रार एकच, मागून बघितले तर चाक अजून आतच दिसते.

नवी चाके बसवली की शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात. तो दिवस नेमका डायलिसिसचा निघाला. दाजी आत असताना भाच्याने आवारातल्या झाडाखाली पाना काढला. सोळापैकी तीन नट किंचित फिरले.