मुलं शिकायला बाहेर निघाली: लॅपटॉपसाठी हार्ड केस घेताना काय बघावं?

बारावीचा निकाल लागला, अॅडमिशनच्या याद्या लागल्या की बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाईच्या मोहल्ल्यांतून आपली मुलं-मुली बाहेर पडतात. कुणी औरंगाबादला मौलाना आझाद कॉलेजला, कुणी पुण्याला आझम कॅम्पसला, कुणी त्याच्याही पुढे. पूर्वी सोबत वळकटी आणि पत्र्याची पेटी असायची. आता वळकटी गेली, ट्रॉली आली आणि सामानात एक वस्तू वाढली, ती म्हणजे लॅपटॉप.

हा लॅपटॉप बहुतेक घरांत सहज आलेला नसतो. कुठे अम्मीची भिशी लागलेली असते, कुठे अब्बांनी हातउसने घेतलेले असतात. कुठे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जातून फी भागते, म्हणून घरचे पैसे लॅपटॉपला उरतात. आणि स्क्रीन फुटली तर कंपनीच्या साध्या वॉरंटीत ती बसत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, ते आपल्याकडे फार कमी लोक घेतात. मग बिल चार आकडी, कधी पाच आकडी येतं आणि ते भरेपर्यंत पोरगं मोबाइलवरच प्रोजेक्ट टाइप करत बसतं. म्हणून केसचा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आधी हे समजून घेऊ की प्रवासात लॅपटॉप बिघडतो कसा. आपल्याला वाटतं, हातातून पडून. तसं होतंच, पण आपल्या बसच्या प्रवासात जास्त धोका दाबाचा असतो. बीडहून पुण्याला पाटोदा, जामखेड, आष्टी, कडा करत नगरमार्गे जायचं म्हणजे पाच-सहा तासांचा प्रवास. सॅक वरच्या कॅरियरवर टाकली की पुढच्या थांब्यावर कुणीतरी तिच्यावर आपली गोणी ठेवतो. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकली तर तिच्यावर चार सुटकेस येतात. स्क्रीनची काच पातळ, मागे आधार कमी. त्यात सॅकच्या पुढच्या कप्प्यात चार्जरचा ठोकळा असेल तर सगळं वजन त्या ठोकळ्यातून एकाच जागी स्क्रीनवर येतं. वरून बघायला काही झालेलं नसतं, होस्टेलवर जाऊन उघडावं तर स्क्रीनवर काळा डाग आणि रेघा. डबा, पाण्याची बाटली, जाड पुस्तकाचा कोपरा, सगळे हेच करतात.

दुसरा मार कोपऱ्यावर बसतो. बॅग पायरीवर आपटली की लॅपटॉप सपाट आपटत नाही, कोपऱ्यावर आपटतो आणि तो धक्का बिजागरीपर्यंत जातो.

या दोन्हींचं उत्तर आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. पत्र्याच्या पेटीत काचेची बरणी न्यायची तर ती कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेवायची. बाहेर कडक, आत मऊ, आणि मधली वस्तू हलता कामा नये. हार्ड केसचं सगळं शास्त्र एवढंच आहे. बाहेरचं कवच दाब अडवतं, आतला फोम धक्का पितो. यातली एकच गोष्ट असेल तर काम अर्धंच होतं.

आता दुकानात जाऊन ‘हार्ड केस’ मागितली की तीन-चार वेगळ्या वस्तू पुढे येतात. पहिली म्हणजे लॅपटॉपवर चिकटून बसणारं पातळ प्लास्टिकचं कवच. ते मॅकबुकसाठी जास्त मिळतं, बाकीच्यांत मॉडेल जुळवावं लागतं. दिसायला छान, पण ओरखड्यांपलीकडे फारसं काही वाचवत नाही, कारण त्यात फोमच नाही. शिवाय झाकणाचं वजन वाढून बिजागरीवर ताण येतो आणि काही कवचं गरम हवा बाहेर जायच्या फटी झाकतात. प्रवासासाठी आम्ही हे सुचवणार नाही.

दुसरी, ईव्हीए फोमची साच्यातून काढलेली केस. ईव्हीए म्हणजे आपल्या हलक्या चपलांचे तळवे ज्याचे असतात तेच. घट्ट दाबून साच्यात घातलं की ते बऱ्यापैकी ताठ होतं, वजनाला हलकं राहतं. आत मऊ अस्तर, कडेला चेन, आणि बहुधा पट्टे. एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला, आमच्या मते, हीच सगळ्यात सोयीची. मात्र सगळ्या सारख्या नसतात. बंद केसच्या मधोमध तळहाताने जोरात दाबून बघा. कवच खाली जाऊन आतल्या बाजूला टेकलं, तर ती नुसती जाड पिशवी आहे.

तिसरी, पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस प्लास्टिकची, ब्रीफकेससारखी किंवा ट्रॉलीच्या रूपातली. दुकानदार दोन्हींना ‘फायबर’ म्हणतो, पण फरक आहे. पॉलिकार्बोनेट दाबलं तर वाकतं आणि परत जागेवर येतं. एबीएस स्वस्त आणि ताठ असतं, जास्त वाकवलं की पांढरी रेघ उमटते आणि पुढे तिथेच तडकतं. लेबलवर ‘पीसी’ लिहिलंय की ‘एबीएस’, की दोन्हींचं मिश्रण, एवढं वाचून घ्या. ट्रॉलीत लॅपटॉप ठेवायचाच असेल तर भिंतीला लागून ठेवू नका, तिथे कवच आणि लॅपटॉप यांच्यात नुसतं अस्तर असतं. कपड्यांच्या मधल्या थरात ठेवा. पत्र्याच्या पेटीचाच नियम.

चौथी, कॅमेरावाले वापरतात ती खटक्यांची जाड पेटी. तिच्यावर आयपी ६७ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी शिरत नाही. मजबुतीत तिला तोड नाही. पण रिकामी पेटीच काही किलोंची असते, किंमतही तशीच. कॉलेजच्या पोराला ती नको.

डब्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ छापलेलं बघून पुष्कळ लोक पैसे मोजतात. तो शब्द बहुधा अमेरिकन लष्कराच्या ८१० क्रमांकाच्या मानकावरून येतो. त्यात चाचण्यांच्या पद्धती आहेत, पडण्याच्या चाचणीत साधारण १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात. पण कोणती चाचणी करायची हे कंपनीच ठरवते. किती उंचीवरून, किती वेळा, कशावर पाडलं हे लिहिलेलं नसेल तर तो शब्द म्हणजे नुसती सजावट.

मापाची गडबड सर्वांत जास्त होते. १५.६ इंच हे स्क्रीनच्या कर्णाचं माप आहे, लॅपटॉपच्या रुंदीचं नाही. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो: १६ ला ९ या प्रमाणातली १५.६ इंची स्क्रीन सुमारे ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच असते, आणि भोवतीच्या कडा धरून लॅपटॉप त्याहून मोठा. म्हणून घरून पट्टीने लांबी, रुंदी, जाडी मोजून न्या आणि केसचं ‘आतलं’ माप विचारा. शक्य असेल तर लॅपटॉपच सोबत न्या. केसमध्ये घाला, बंद करा, कानाजवळ धरून हलकेच हलवा. खडखड आली तर आत जागा जास्त आहे. चेन लावताना ओढाताण झाली तर कमी आहे. चेनचे दात लॅपटॉपला घासू नयेत म्हणून आतून कापडाची पट्टी असते, तीही बघा. चार्जरचा कप्पा असेल तर तो कडक भिंतीच्या पलीकडे हवा.

पाणी आणि ऊन, दोन्ही आपल्याकडे भरपूर. चेनची हार्ड केस पावसात चेनमधूनच गळते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. उन्हाळ्यात बंद केस गाडीच्या डिकीत किंवा काचेजवळ ठेवू नका. अॅपल आपल्या लॅपटॉपसाठी साठवणुकीची मर्यादा ४५ अंश सांगते. मे महिन्यात बंद गाडी सहज त्याच्या पुढे जाते. आणि केसमध्ये घालण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसतं झाकण मिटून नाही. आत जागा झाला तर त्या फोममध्ये उष्णता कोंडते. जुना सेकंडहँड लॅपटॉप असेल आणि त्यात फिरणारी हार्डडिस्क असेल, तर चालू अवस्थेतला धक्का तिला जास्तच लागतो.

ज्यांना केस परवडत नाही त्यांच्यासाठी दोन उपाय. लॅपटॉप ज्या खोक्यात आला ते खोकं आणि त्यातले फोमचे तुकडे फेकू नका. कंपनीने ते वाहतुकीसाठीच बनवलेलं असतं आणि वर्षातून दोनदा, ईदला आणि सुट्टीत, गावी यायचं तर तेवढं पुरतं. दुसरा उपाय परीक्षेच्या पॅडचा. फुलस्केप मापाचं लाकडी पॅड, त्याची क्लिप काढून, सॅकमध्ये स्क्रीनच्या बाजूने उभं लावायचं आणि मध्ये घडी केलेला टॉवेल. दिसायला कसंतरी वाटेल, दाब मात्र अडवतं.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-नगर रेल्वे सुरू झाली, तेव्हा काहींचा तेवढा टप्पा आता रुळांवरून जाईल. तिथेही लॅपटॉप रॅकवर नको, मांडीवर किंवा दोन पायांमध्ये, पट्टा पायात अडकवून. झोप लागली की केस कितीही मजबूत असो, ती उचलून नेणाऱ्यालाही तेवढीच सोयीची असते. मुलींच्या बाबतीत आम्ही साधी, काळी, लॅपटॉपसारखी न दिसणारी केस घ्या म्हणतो. विमानाने जाणाऱ्यांनी लॅपटॉप हातातल्या बॅगेतच ठेवावा. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या तर चेक-इनच्या सामानात टाकता येतच नाहीत.

राहिली लॅपटॉपमधली माहिती, ती कोणतीच केस वाचवत नाही. निघायच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट, असाइनमेंट, स्कॅन केलेली कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या केसमध्ये न ठेवता दुसऱ्या बॅगेत ठेवा.