‘सर्व हक्क स्वाधीन’

जुन्या मराठी ग्रंथाचें पहिलें पान उलटलें, कीं ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ हटकून आढळते. ते हक्क कोणते, किती काळाचे, आणि वाचकाच्या स्वाधीन कांहीं उरतें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र आपण सहसा स्वतःस विचारीत नाहीं. पूर्वीं त्याची गरजहि पडत नसे. पुस्तक विकत आणावें, आजोबांनीं वाचून काकांस द्यावें, काकूंनीं दुपारीं मोठ्यानें वाचून दाखवावें, वहिनींनीं माहेरीं न्यावें; यांत कायदा कोठेंच आड येत नसे. आतां त्याच घरांतील शाळकरी मुलाच्या हातीं असें यंत्र आलें आहे, कीं त्याच्या योगानें अख्खा ग्रंथ क्षणार्धांत शंभर घरीं पोंचतो. तेव्हां या ओळीचा अर्थ नीट समजून घेणें हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाचें कर्तव्य होऊन बसलें आहे.

प्रथम या हक्काचें मूळ पाहूं. इंग्लंडांत १७१० सालीं या विषयावरचा जो कायदा झाला, त्याच्या शीर्षकांतच विद्येस उत्तेजन देणें हा हेतु सांगितला होता. नव्या ग्रंथावर चौदा वर्षें हक्क चाले, आणि त्या मुदतीअखेर ग्रंथकर्ता हयात असल्यास आणखी चौदा. म्हणजे लेखकाचा लाभ हें साधन आणि विद्येचा प्रसार हें साध्य, असा हा सौदा होता. भारताचा सध्यांचा कायदा १९५७ सालचा आहे. त्यांत प्रथम लेखकाच्या निधनानंतर पन्नास वर्षें हक्क राही. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपण्याच्या बेतांत आले, तेव्हां ही मुदत साठ वर्षांची करण्यांत आली. १९९२ चा दुरुस्ती कायदा तो हाच. साने गुरुजी १९५० सालीं निवर्तले. त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०११ च्या आरंभापासून सर्वांचे झाले आहेत. हक्क स्वाधीन असतात ते असे कांहीं काळापुरतेच. पुढें ग्रंथ समाजाच्या स्वाधीन होतो.

परंतु हक्काची मुदत चालू असतांनाहि वाचक अगदींच रिकाम्या हातीं नसतो. कायद्याच्या ५२ व्या कलमांत या कुंपणाला अनेक फाटकें ठेविलेलीं आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठीं न्याय्य उपयोग, टीका व परीक्षण, चालू घडामोडींचें वृत्त, आणि अध्यापन, हीं त्यांतील मुख्य होत. यांपैकीं शेवटचें फाटक किती रुंद आहे, याचा कस दिल्ली येथील एका खटल्यांत लागला.

दिल्ली विद्यापीठाच्या आवारांत झेरॉक्सचें एक दुकान होतें. प्राध्यापकांनीं निरनिराळ्या ग्रंथांतून निवडून दिलेल्या प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून तें विद्यार्थ्यांस विकत असे. परदेशी ग्रंथांच्या किंमती सामान्य घरच्या विद्यार्थ्याच्या आटोक्याबाहेरच्या. त्यांतून एका ग्रंथांतील एखादेंच प्रकरण नेमलेलें. २०१२ सालीं ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनीं त्या दुकानावर व विद्यापीठावर दावा लाविला. विद्यार्थ्यांच्या संघटनाहि आपली बाजू मांडण्यास न्यायालयांत उभ्या राहिल्या.

१६ सप्टेंबर २०१६ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति राजीव सहाय एंडलॉ यांनीं दावा फेटाळला. ग्रंथावरील हक्क हा ईश्वरदत्त किंवा निसर्गसिद्ध नव्हे, तो कायद्यानें दिलेला आहे, आणि विद्येची वाढ हाच त्याचा हेतु आहे, असें त्यांनीं म्हटलें. ग्रंथालयांत बसून हातानें उतरून घेणें जर गुन्हा नव्हे, तर तेंच काम यंत्रानें केल्यानें तो गुन्हा होत नाहीं, असाहि त्यांच्या विवेचनाचा आशय होता. त्याच वर्षीं ९ डिसेंबरला दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानें हें तत्त्व बहुतांशीं उचलून धरिलें. अध्यापन म्हणजे वर्गांतील तासच नव्हे, तर अभ्यासक्रमाचा सगळा काळ त्यांत येतो, आणि किती पानें उतरलीं यापेक्षां तीं अध्यापनास आवश्यक होतीं काय, हें पाहावें, असा निर्णय त्यांनीं दिला. एवढा प्रश्न तपासण्यासाठीं दावा परत पाठविण्यांत आला होता. पण २०१७ च्या मार्चमध्यें प्रकाशकांनीं तो स्वतःच काढून घेतला.

या निकालाचें मर्म एका शब्दांत सांगतां येईल, तो शब्द ‘प्रयोजन’. हेंच तत्त्व अन्यत्रहि दिसतें. २०१२ च्या दुरुस्तीनें अंध व अपंग वाचकांसाठीं ग्रंथ त्यांना वापरतां येईल अशा रूपांत आणण्याची मोकळीक दिली. आणि याच हेतूनें माराकेश येथें २०१३ सालीं झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास मान्यता देणारें पहिलें राष्ट्र भारत हेंच होतें. दृष्टि गमावलेल्या आजीस ग्रंथ ऐकवितां यावा, म्हणून कायद्यानेंच वाट करून ठेविली आहे, हें किती घरांस ठाऊक आहे?

आतां दुसरी बाजू पाहूं. यंत्रानें वाचकाचे हात लांब केले, तसे विक्रेत्याचेहि केले. कागदी पुस्तक विकत घेतलें म्हणजे ती प्रत घराची होते. ई-पुस्तकाचे पैसे भरले तरी बहुधा आपणांस वाचण्याची परवानगी तेवढी मिळते. २००९ सालीं ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती गिऱ्हाइकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. ज्यानें त्या विक्रीस ठेविल्या त्याला हक्क नव्हता, हें कारण खरें. पैसेहि परत दिले, आणि कंपनीच्या प्रमुखांनीं क्षमाहि मागितली. तथापि घरांतील कपाट रात्रींतून कोणी उघडावें, ही गोष्ट आपल्या वडिलांच्या स्वप्नींहि आली नसती. असें पुस्तक नातवास वारसा म्हणून ठेवितां येईलच, असा भरंवसा नाहीं. म्हणून जो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या घरांत राहावा असें वाटतें, तो कागदावरच घ्यावा, असें आम्ही सुचवितों.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. एखाद्या हयात मराठी लेखकाची नवी कादंबरी कोणी घरगुती व्हॉट्सॲप-समूहांत पाठवितो, आणि पंचवीस मंडळी ती फुकट वाचून त्याला धन्यवाद देतात. हें विद्यादान नव्हे. दान आपल्या वस्तूचें होतें, दुसऱ्याच्या नव्हे. येथें अध्यापन नाहीं, संशोधन नाहीं. दोनतीनशें रुपये वांचविणें एवढेंच प्रयोजन आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ति तशीहि लहानच असते. आपण फुकट घेतलेली प्रत्येक प्रत त्या लेखकाच्या पुढच्या पुस्तकाच्या मुळावर येते. उलट, मुलीनें परीक्षेसाठीं ग्रंथालयांतील एका प्रकरणाचीं छायाचित्रें काढलीं, तर तिला चोरटेपणा वाटण्याचें कांहीं कारण नाहीं.

तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांस सरसकट ‘चालतें’ असेंहि सांगूं नये, आणि सरसकट धाकहि घालूं नये. ‘हें कशासाठीं घेत आहेस?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. दिल्लीच्या न्यायालयानेंहि शेवटीं तोच विचारला.