दारूची पाटी, सोड्याची जाहिरात

परळ-लालबागला परमिट रूम दिसते, देशी दारूचं दुकान दिसतं. दारूच्या बाटलीचं होर्डिंग मात्र दिसत नाही. याचं मूळ १९४९च्या मुंबई (आता महाराष्ट्र) दारूबंदी कायद्यात आहे. त्याच्या कलम २४नुसार वृत्तपत्र, पुस्तक, पत्रक कशातूनही मद्याची जाहिरात करायला मनाई; मंजुरी मिळालेल्या दरपत्रकांसारखे मोजके अपवाद सुटतात. फ्राम नसरवानजी बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं, तेव्हा १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठी बारीक रेघ ओढली. दारूची नुसती वाखाणणी हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, म्हणून तिच्यावरची बंदी रद्द. 'घ्या' म्हणून गळ घालण्यावरची कायम!

टीव्हीवर मद्याच्या जाहिरातींना केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ आडवे आले. मग अवतरले सोडा, पाणी, पत्ते, म्युझिक सीडी. नाव तेच, माल वेगळा. हा कावा न ओळखणारा मुंबईकर विरळाच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा आडवाटेच्या जाहिरातींना बंदी घातली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाख, पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पाटीही सुटलेली नाही. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर मद्य विकणाऱ्या आस्थापनेला महापुरुषांचं, थोर स्त्रियांचं किंवा गडकिल्ल्याचं नाव देता येत नाही. जे नाव असेल ते मराठीत, इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहायचं. गिरगावातल्या बारनेही आणि दादरच्या साडीच्या दुकानानेही.