‘खाते लॉक आहे’ म्हणजे काय?



हंगाम संपत आला की हिशेबाच्या खिडकीवर एक तक्रार हमखास ऐकू येते : “बाबू म्हणतो खाते लॉक आहे, थांबा. आमचे खाते लॉक करणारा हा कोण?” राग समजण्यासारखा आहे. पण लॉक म्हणजे खाते गोठवले असे नव्हे.

समजा, उसाचे ५०,००० रुपये जमा आहेत. एक लिपिक सोसायटीच्या कर्जाचे १२,००० कापायला बसला, त्याच वेळी दुसरा बेण्याचे ३,०००. दोघांच्याही पडद्यावर ५०,०००. पहिल्याने ३८,००० लिहिले. दुसऱ्याने त्यावरच ४७,००० लिहिले. राहायला हवे होते ३५,०००. सोसायटीची कपात गायब! सभासद ४७,००० घेऊन घरी जातो आणि पुढे थकबाकीची नोटीस त्याच्याच नावाने येते.

म्हणून सॅप या संगणक प्रणालीत (ही जर्मन कंपनी १९७२ सालची, तिची प्रोग्रॅमिंगची भाषा अबाप) खात्याला हात लावण्यापूर्वी एका मध्यवर्ती तक्त्यात लॉकची नोंद मागावी लागते. नोंद आधीच दुसऱ्याची असेल तर नकार येतो, कोणाची आहे तेही कळते. शिल्लक मात्र लॉक मिळाल्यावरच वाचायची. आधी वाचली तर जुनाच आकडा हाती राहतो. नवशिके इथेच चुकतात.

आता हे कुलूप दाराला नसते हो, वहीत असते. आपल्या अर्जुनी मोरगाव भागात इटियाडोहच्या पाटाची पाळी ठरलेली असली, तरी रात्री पाट फोडून बांधीत पाणी घेणाऱ्याला वही अडवत नाही. तसेच लॉक न मागता लिहिणारा प्रोग्रॅम सरळ लिहून मोकळा होतो. पाळी सगळ्यांनी पाळली तरच.

खरी गुंतागुंत अनेक नोंदींची. सभासदाची मुख्य नोंद आणि तिच्याखालचे प्लॉट असतील, तर अबापच्या नव्या पद्धतीत मुख्य नोंदीला ‘लॉक मास्टर’ ठरवतात. ती लॉक झाली की आश्रित नोंदीही तिच्याबरोबर. पण सभासदाचे खाते व सोसायटीचे खाते स्वतंत्र. एकाने सभासदाचे धरले नि सोसायटीचे मागतो, दुसऱ्याने उलट. दोघेही अडले! त्यावर उपाय म्हणजे मागण्या आधी एकत्र गोळा करायच्या आणि ‘फ्लश एन्क्यू’ने एकदम पाठवायच्या. एक जरी नाकारली गेली तरी एकही लॉक लागत नाही. एकेक मागायचे असेल तर सर्वांनी एकाच क्रमाने मागावे, आणि दुसरे न मिळाल्यास पहिले सोडून द्यावे.

लॉक सोडायचे ते आकडा पक्का लिहिला गेल्यावर. पडदा उघडा ठेवून चहाला गेलेल्या बाबूचे लॉक तसेच राहते, आणि खिडकीवरची रांग वाढते. तेव्हा फार वेळ थांबावे लागले तर भांडू नका. लॉक कोणाच्या नावावर आहे एवढे विचारा.