सात वेळा पाण्यात

अविनाश साबळेवर लिहायचं म्हटलं की आपल्याकडे लेखणी आपोआप दुष्काळाकडे वळते. आष्टी तालुका, मांडवा, राबणारे आईवडील, शाळेसाठी रोजची सहा किलोमीटरची पायपीट. सगळं खरं आहे आणि वाचकांना पाठही आहे. पण पायपिटीने धावपटू घडत असते तर बीड जिल्ह्याने एव्हाना ऑलिंपिकचा अर्धा संघ पुरवला असता. आमच्यातल्या काहींना हे रुचत नाही, त्यांना गरिबीतच सगळं गूढ सापडतं. सापडो बापडं. मला साबळे दिसतो तो शर्यतीत.

लष्कराचा भाग भरभर उरकतो. बारावीनंतर 5 महार रेजिमेंट, मग सियाचिन, राजस्थान, सिक्कीम. 2015 च्या सुमारास क्रॉसकंट्री, त्यासाठी वाढलेलं वजन घटवणं, आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या नजरेने हेरलेली शर्यत : स्टीपलचेस.

इथे मात्र मी रेंगाळणार. या शर्यतीची वकिली करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. संपादकांना शंभर मीटर हवी असायची, नाहीतर मॅरेथॉन. ‘मधलं ते अडथळ्याचं’ दोन ओळींत आटपा म्हणायचे. 3000 मीटर, 28 अडथळे आणि 7 वेळा पाणी, हे काय दोन ओळींत आटपतं? हर्डल्सचा अडथळा पाय लागला की आडवा होतो. स्टीपलचेसचा होत नाही, आडवा होतो तो धावपटू. पाण्याचा खड्डा अडथळ्याला लागून सगळ्यात खोल असतो आणि पुढे उतरत्या तळाने उथळ होत जातो. म्हणजे जितकी लांब उडी, तितकं कमी पाणी. पहिल्या फेऱ्यांत सगळेच ऐटीत उडतात. सातव्या वेळी पोटऱ्या दगड झालेल्या असतात आणि निम्मे जण घोटाभर पाण्यात धपकन बसतात. शिवाय वेळ खरी जाते ती उडीच्या आधी. अडथळा जवळ आला की कच्चा धावपटू पावलं आखडतो, अंदाज घेतो, मग उडतो. अशा अठ्ठावीस आखडण्यांचा हिशेब शेवटच्या दोनशे मीटरमध्ये चुकता करावा लागतो. साबळेचं आखडणं वर्षागणिक कमी होत गेलं. चित्रफिती शेजारी शेजारी लावून पाहा, डोळ्यांना दिसतं.

गोपाल सैनींनी 1981 साली टोकियोत 8:30.88 वेळ दिली. त्या राष्ट्रीय विक्रमाला 37 वर्षं कुणी हात लावू शकलं नाही. 2018 मध्ये भुवनेश्वरला साबळेने तो 8:29.80 वर आणला. पुढच्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्याच्या धडपडण्यात हा अडकला, मागे पडला, तरी 8:25.23 धावला. भारताने दाद मागितली, ती मान्य झाली आणि अंतिम फेरीत त्याने 8:21.37 नोंदवले. टोकियो ऑलिंपिकमध्ये 8:18.12 करूनही प्राथमिक फेरीतच बाहेर. दुसऱ्या गटातले त्याच्याहून सावकाश धावलेले पुढे गेले. त्यावर हळहळ पुष्कळ झाली. मला त्यातलं दुखणं वेगळं वाटतं. आपल्या देशात साबळे एकटाच पुढे पळायचा, घड्याळाशी. घड्याळ मध्येच संथ होऊन अचानक उसळी मारत नाही, केनियाचे पोरगे मारतात. 2022 च्या जुलैत युजीनला जागतिक अंतिम शर्यत अशीच रेंगाळत गेली आणि हा 8:31.75 मध्ये अकरावा आला.

आणि मग तीनच आठवड्यांनी बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेत 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच्याच घरात जात होती. साबळे या वेळी त्यांच्या घोळक्यात राहिला, त्यांच्या लयीने धावला आणि अखेरच्या सरळ टप्प्यात अब्राहम किबिवॉटच्या खांद्याला जाऊन भिडला. किबिवॉट 8:11.15, साबळे 8:11.20. पाच शतांश सेकंद! रौप्यपदकापेक्षाही मला ते भिडणं मोठं वाटतं. हांगझोचं 2023 चं आशियाई सुवर्ण त्याने पुन्हा पुढे पळून सहज घेतलं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. 2024 ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91, महिन्याभराने तिथेच ऑलिंपिकची अंतिम फेरी, अकरावा क्रमांक. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष.

पुरुष म्हणतो, कारण आमची ललिता बाबर आधीच पोचली होती. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीन वर्षं पहिली आली. नाव झालं, तिथेच थांबली असती तरी कुणी बोल लावला नसता. तिने स्टीपलचेस धरली. 2016 ला रिओत प्राथमिक फेरीत 9:19.76, अंतिम फेरीत दहावी. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ऑलिंपिक ट्रॅकच्या वैयक्तिक अंतिम फेरीत भारतीय बाई धावत होती. आता पारुल चौधरीने ती वेळ मागे टाकली आहे, टाकायलाच हवी होती; पण वाट ललिताने आणि तिच्याआधी सुधा सिंगने पाडली.

या वाटेवर मागून येणारे कुठे आहेत म्हणाल, तर आष्टी-माणच्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर पहाटे पाहा. पोरं झुंडीने धावतात. अंतर 1600 मीटर, कारण भरतीला तेवढंच लागतं. निवड झाली की धावणं संपलं. नाही झाली तर पुढच्या भरतीपर्यंत तेच 1600. त्यातला एखादा 5000 ला किती वेळ घेईल, हे कुणी मोजत नाही. पूर्वी शाळेच्या मैदानावर फक्की टाकून आखलेल्या वाकड्यातिकड्या ट्रॅकवर क्रीडाशिक्षक घड्याळ घेऊन उभे असायचे. आता एका जिल्ह्याच्या संकुलात लाल सिंथेटिक ट्रॅक आहे, वॉटर जंपचा खड्डाही आहे. खड्ड्यात मातीचा थर, त्यावर गवत, कडेला चहाचे कागदी कप. पाणी कधी भरता, असं विचारलं तर उत्तर आलं, डास होतात.

2025 च्या जुलैत मोनॅकोला साबळे पाण्याच्या उडीतच पडला. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरची जागतिक स्पर्धा हुकली. लगेच सल्ले सुरू झाले : आता मॅरेथॉनकडे वळ. अर्ध्या मॅरेथॉनची 2020 मधली 60:30 ही वेळ पुढे केली जाते, शिवनाथ सिंगांच्या 1978 च्या 2:12:00 चा दाखला दिला जातो. शहरी मॅरेथॉनमध्ये पैसा आहे, टीशर्ट आहेत, फोटो आहेत, हेही आलंच. त्याच्या गुडघ्याचा निर्णय तो आणि त्याचे डॉक्टर घेतील. पण सल्ला देणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं, की तो गेल्यावर 8:10 च्या आसपास धावेल असा दुसरा कोण त्यांनी हेरून ठेवला आहे?