आमचा आवडता फुटबॉल-संघ

पावसाळा सरत आला आणि मैदान थोडें सुकलें कीं, आमच्या शाळेंत मधल्या सुटींत फुटबॉलाचा वाद रंगूं लागतो. कोणी मँचेस्टर युनायटेडचा, कोणी लिव्हरपूलचा, तर कोणी बार्सिलोनाचा अभिमानी असतो; आणि आपापल्या संघाचा कैवार मुलें इतक्या आवेशानें घेतात कीं, घंटा झाल्याचेंही भान त्यांस राहत नाहीं. अशा वेळीं त्यांपैकीं एखादा आमच्याकडे वळून विचारतो, "सर, तुमचा संघ कोणता ?" आम्ही 'विंबल्डन' असें उत्तर देतों. क्षणभर सारे स्तब्ध होतात आणि मग एकच हंशा पिकतो. "सर, तेथें तर टेनिस खेळतात !" हें उत्तर आम्हीं आजवर इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, या वार्षिकाच्या पानांतून त्याचा एकदां सविस्तर खुलासा करावा, असें मनांत आलें.

लंडन शहराच्या दक्षिण-पश्चिम भागांतील विंबल्डन हें उपनगर टेनिसमुळें जगप्रसिद्ध आहे, हें खरें. परंतु त्याच उपनगरांत एक फुटबॉल-क्लबही आहे. त्यानें जिंकलेल्या मोठ्या चषकांची संख्या एका बोटावर मोजतां येईल. असें असूनही आम्ही त्याचे पाठीराखे कां, हें समजण्यासाठीं इंग्लंडांतील फुटबॉलाची घडण थोडी ध्यानांत घेतली पाहिजे.

ही घडण जिन्याच्या पायऱ्यांसारखी आहे. वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ संघ असतात व त्यांतील खेळाडू धंदेवाईक, म्हणजे वेतन घेऊन खेळणारे असतात. त्यांच्याखालीं आणखी कित्येक पायऱ्या असून अगदीं तळाशीं गांवोगांवचे हौशी संघ खेळतात. हंगामाच्या अखेरीस वरच्या क्रमांकाचे संघ एक पायरी चढतात व तळाचे संघ एक पायरी उतरतात. ह्यामुळें लहानशा गांवच्या संघासही शिखर गांठण्याची वाट, निदान तत्त्वतः, मोकळी असते. मात्र प्रत्येक पायरी मैदानावर जिंकून चढावी, असा या व्यवस्थेचा आत्मा आहे. पुढील सर्व हकीकत याच मुद्यावर उभी असल्यामुळें वाचकांनीं तो विसरूं नये.

विंबल्डनच्या क्लबाचा जन्म सन १८८९ मधला. तेथील एका शाळेंतून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनीं तो काढिला. विंबल्डन कॉमन नांवाच्या सार्वजनिक माळावर ते खेळत. सन १९१२ मध्यें क्लब प्लाव लेन या मैदानावर गेला व तेथें त्यानें जवळजवळ ऐंशी वर्षें काढलीं. त्यांतील बराच काळ तो हौशी संघ होता. सन १९६३ मध्यें त्यानें हौशी संघांचा चषक जिंकिला व त्यानंतर लवकरच तो धंदेवाईक झाला. सन १९७५ मध्यें लीगबाहेरच्या या संघानें एफ्. ए. चषकाच्या स्पर्धेंत पहिल्या श्रेणींतील बर्नलीस त्याच्याच मैदानावर हरविलें. पुढच्या फेरींत बलाढ्य लीड्सशीं गांठ पडली, तेव्हां गोलरक्षक डिकी गाय यानें पेनल्टी अडवून सामना बरोबरींत राखिला. या गृहस्थांचें नांव पुढें पुन्हा यावयाचें आहे.

त्या काळीं लीगमध्यें प्रवेश मतदानानें मिळे. सन १९७७ मध्यें तो विंबल्डनला मिळाला आणि अवघ्या नऊ वर्षांनीं, १९८६ मध्यें, संघ चौथ्या श्रेणींतून पहिल्या श्रेणींत येऊन बसला. ता. १४ मे १९८८ रोजीं वेंब्ली येथें चषकाचा अंतिम सामना झाला, तो त्या वर्षींच्या लीगविजेत्या लिव्हरपूलशीं. पूर्वार्धांत लॉरी सांचेझ यानें डोक्यानें चेंडू मारून गोल केला. उत्तरार्धांत लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजनें मारलेली पेनल्टी कप्तान व गोलरक्षक डेव्ह बीझंट यानें अडविली. वेंब्लीवर चषकाच्या अंतिम सामन्यांत पेनल्टी अडविली जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. एक विरुद्ध शून्य गोलांनीं चषक विंबल्डनला गेला.

आवडत्या संघाचे दोष झांकूं नयेत, असें आमचें मत आहे. म्हणून येथेंच सांगून टाकितों कीं, त्या संघाचा खेळ देखणा नव्हता. चेंडू लांब उडवावा, सर्वांनीं त्याच्यामागें धांवावें आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाऊन खेळावें, अशी त्यांची रीत. त्यांत चिकाटी होती तसा धसमुसळेपणाही होता, व कांहीं प्रसंगीं तो मर्यादा सोडून जाई. मुलांनीं त्यांची चिकाटी घ्यावी आणि बाकीचें तेथेंच ठेवावें. तात्पर्य, आमचें प्रेम त्या चषकावर जडलेलें नाहीं. तें जडलें चौदा वर्षांनंतर, क्लबाजवळ कांहींच उरलें नाहीं तेव्हां.

सन १९८९ च्या एप्रिलांत शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर भयंकर चेंगराचेंगरी झाली व तिच्यामुळें अखेर ९७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर नेमलेल्या चौकशींतून वरच्या श्रेणींच्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांस बसावयास आसनें असावींत, असा दंडक निघाला. दंडक योग्यच होता. परंतु प्लाव लेनचें जुनें मैदान त्यांत बसेना. सन १९९१ मध्यें क्लब दक्षिण लंडनांतील दुसऱ्या एका क्लबाच्या मैदानावर बिऱ्हाडकरू म्हणून राहावयास गेला. ही सोय तात्पुरती म्हणून केलेली होती, पण नवें घर कांहीं झालें नाहीं. मैदान विकलें गेलें, मालक बदलले, सन २००० मध्यें संघ पहिल्या श्रेणींतून उतरला आणि शेवटीं मालकांनीं क्लब सुमारें ९० किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या शहरीं नेण्याचें ठरविलें. पाठीराख्यांनीं निकराचा विरोध केला. प्रकरण तिघांच्या एका आयोगापुढें गेलें आणि ता. २८ मे २००२ रोजीं दोन विरुद्ध एक मतानें स्थलांतरास परवानगी मिळाली. विंबल्डनमध्यें नवा क्लब काढणें हें फुटबॉलाच्या व्यापक हिताचें ठरणार नाहीं, असाही अभिप्राय त्या निर्णयांत नमूद होता.

वाचकहो, क्षणभर त्या पाठीराख्यांच्या जागीं उभे राहून पाहा. बापानें मुलाला बोटास धरून जेथें नेलें तें मैदान गेलेलें, आणि आतां ज्याचें नांव घेऊन ओरडावयाचें तो संघही चाललेला. कायदा त्यांच्या बाजूस नव्हता, कारण भाग-भांडवल त्यांचें नव्हतें. त्यांस दोन वाटा मोकळ्या होत्या : मुकाट्यानें दुसरा संघ धरावा, किंवा फुटबॉलाचा नाद सोडावा. त्यांनीं तिसरीच वाट काढिली. ज्या माळावर १८८९ मधली मुलें खेळत, त्याच विंबल्डन कॉमनवर, निर्णयानंतर जेमतेम महिन्याभरानें, त्यांनीं खेळाडूंची निवड-चांचणी ठेविली. ज्याला खेळतां येतें असें वाटेल त्यानें यावें, असें आवाहन होतें. सुमारें २३० जण आले. त्यांतून निवडलेला संघ जुलै महिन्यांत पहिला सामना खेळला, सटन युनायटेडविरुद्ध, आणि चार विरुद्ध शून्य गोलांनीं हरला. पाहावयास साडेचार हजारांवर लोक जमले होते !

या नव्या क्लबाचें नांव ए. एफ्. सी. विंबल्डन. ज्या डिकी गायनें १९७५ मध्यें पेनल्टी अडविली होती, त्यांनीं त्याचें अध्यक्षपद भूषविलें. मालकी पाठीराख्यांच्या संस्थेकडे ठेविली व तींत प्रत्येक सभासदास एकच मत, मग तो धनिक असो वा टपालवाला. क्लबास प्रवेश मिळाला तो जिन्याच्या नवव्या पायरीवर. तेथील संघांच्या सामन्यांस शेंदीडशें माणसें जमलीं तरी पुष्कळ; परंतु विंबल्डनच्या घरच्या सामन्यांस पहिल्याच हंगामांत सरासरी तीन हजारांहून अधिक प्रेक्षक येत. फेब्रुवारी २००३ पासून डिसेंबर २००४ पर्यंत संघ लीगचे ७८ सामने ओळीनें अपराजित राहिला. इंग्लंडांतील ज्येष्ठ फुटबॉलांत तो विक्रम ठरला. ता. २१ मे २०११ रोजीं मँचेस्टर येथें ल्यूटनविरुद्धचा निर्णायक सामना गोलशून्य राहिला, तेव्हां पेनल्टींवर निकाल लागून विंबल्डन चौथ्या श्रेणींत, म्हणजे धंदेवाईक लीगमध्यें, परत आला. नऊ हंगामांत पांच पायऱ्या ! सन २०१६ मध्यें वेंब्लीवर प्लिमथला हरवून त्यानें सहावीही चढली.

आतां आमचीं कांहीं मतें. पहिलें मिल्टन कीन्सविषयीं. विंबल्डनचे पाठीराखे त्या संघाचें नांवही सहसा घेत नाहींत, आणि सन २०१८ मध्यें तो आपल्या संघाच्या खालीं राहून तिसऱ्या श्रेणींतून उतरला तेव्हां आम्हांसही आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु पुढें विचार करतां असें वाटलें कीं, त्या शहरांतील मुलांचा यांत काय अपराध ? आपल्या गांवास संघ असावा ही त्यांची इच्छा रास्तच होती. चूक झाली ती रीतींत. नव्या शहरानें आपला संघ तळाच्या पायरीवर उभा करून वर न्यावयास हवा होता. दुसऱ्याची चढलेली पायरी उचलून आणावयास नको होती. सन २००७ मध्यें त्या क्लबानें जुन्या विंबल्डनचीं मानचिन्हें ज्या मर्टन बरोमध्यें विंबल्डन मोडतें, तिच्या हवालीं केलीं. ही एक न्याय्य गोष्ट घडली, आणि तिचें श्रेय त्यांस दिलें पाहिजे.

दुसरें मत मालकीविषयीं. आमचे एक स्नेही नेहमीं म्हणतात कीं, पाठीराख्यांनीं चालविलेला क्लब कोट्यधीशांच्या क्लबांपुढें टिकणार नाहीं. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. सन २०२१–२२ च्या हंगामांत उत्तरार्धांतले कित्येक महिने संघास लीगचा एकही सामना जिंकतां आला नाहीं व तो पुन्हा चौथ्या श्रेणींत उतरला. चांगला खेळाडू तयार झाला कीं, श्रीमंत क्लब त्यास घेऊन जातात, हेंही आम्हीं पुष्कळदां पाहिलें. परंतु या दुबळेपणास दुसरी बाजूही आहे. नवें मैदान बांधतांना पैसा कमी पडला. तेव्हां बाहेरच्या धनिकांस हिस्सा विकावा, असा विचार पुढें आला. पाठीराख्यांनीं त्याऐवजीं कर्जरोखे काढले व पन्नास लक्ष पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. तें मैदान प्लाव लेनवरच, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, बांधून पुरें झालें. एकदां मालकाच्या हातून घर गमावलेल्या लोकांनीं दुसऱ्यांदां घराची किल्ली कोणास दिली नाहीं, यांत आम्हांस त्यांचा शहाणपणा दिसतो.

त्या मैदानावरील पहिला सामना ता. ३ नोव्हेंबर २०२० रोजीं डॉनकास्टरशीं झाला व दोन-दोन गोलांनीं बरोबरींत सुटला. एकोणतीस वर्षांनीं संघ घरीं परतला होता. पण महामारीचे दिवस असल्यामुळें आसनें रिकामीं होतीं. ज्यांनीं पै पै जमवून तें मैदान उभें केलें, त्यांस त्या रात्रीं घरींच बसावें लागलें. आम्हीं तें मैदान स्वतः कधीं पाहिलेलें नाहीं, आणि विंबल्डनमधील कोणासही आमचें नांव ठाऊक नाहीं. तरीही त्या रात्रीं हजारों मैलांवरून तीं रिकामीं आसनें पडद्यावर पाहतांना आमचा कंठ दाटून आला. पुढें २६ मे २०२५ रोजीं वेंब्लीवर वॉल्सॉलला एका गोलानें हरवून संघ पुन्हा तिसऱ्या श्रेणींत चढला, तेव्हां मात्र तो पाहावयास पाठीराख्यांची गर्दी होती.

खेळाडू येतात आणि जातात, शिक्षक बदलतात, नांवही कधीं बदलतें. मग क्लब म्हणजे नेमकें काय? आम्हांस वाटतें, हरल्यानंतरही पुढच्या शनिवारीं जीं माणसें परत येतात, तीं म्हणजे क्लब. मिल्टन कीन्सला गेले ते खेळाडू आणि कागदपत्रें; क्लब विंबल्डनमध्येंच राहिला, कारण तीं माणसें तेथें होतीं.

तेव्हां मुलांनो, तुम्ही मँचेस्टरचें नांव घ्या, लिव्हरपूलचें घ्या. आमची त्यास हरकत नाहीं. आमचें सांगणें इतकेंच कीं, ज्या वर्षीं तुमचा संघ तळाशीं असेल त्या वर्षींही मधल्या सुटींत त्याचें नांव तितक्याच मोठ्यानें घ्या. आणि कोणी हंसलें तर आमच्याकडे या. हंसून घेण्याची आम्हांस चांगलीच संवय झाली आहे.