माशांची टाकी कशावर ठेवाल?

रमजान ईदेला मिळालेल्या ईदीतून आमच्या धाकट्याने माशांची टाकी घ्यायचा हट्ट धरला. दोन फुटी टाकी, रंगीत खडे, मोटर, मासे, सगळी खरेदी झाली. स्टँडचा विषय निघाला तेव्हा मीच म्हणाले, “घरात टीव्हीचं जुनं टेबल आहे की! उगाच खर्च कशाला?”

चार महिने टेबलाने सोसले. मग एका रात्री टाकीची तळाची काच तडकली. थेंब थेंब पाणी पिऊन फळी फुगली होती आणि मधोमध वाकली होती. सकाळी पाहिले तर पाणी गादीपर्यंत आलेले. मुले त्या रात्री नानीकडे होती, अल्लाहचे आभार! एरवी ती त्याच टाकीसमोर झोपतात.

माझी चूक अशी की वजनाचा हिशेब मी केलाच नव्हता. तो सोपा आहे. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १००० ने भागा. आले तितके लिटर पाणी, आणि एका लिटरचे वजन एक किलो. ६० × ३० × ४० ची टाकी म्हणजे ७२ लिटर. काच आणि खडे धरले की वजन ९० किलोंच्या पुढे जाते. सिमेंटच्या जवळजवळ दोन गोण्या, त्याही रात्रंदिवस!

स्टँड घेताना वरचा भाग टाकीएवढा किंवा किंचित मोठा हवा. टाकीची कड बाहेर लोंबता कामा नये. वेल्डरकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतलात तर गंज लागू नये म्हणून रंगाआधी रेड ऑक्साइड लावायला सांगा आणि वर जाड, सपाट प्लायवूड बसवा. लाकडी स्टँड हवा असेल तर पाण्यात टिकणारा प्लाय मागा. भुसा दाबून केलेली फळी ओल लागली की फुगते.

टाकीचा तळ नुसत्या काचेचा असेल तर खाली थर्माकोल किंवा फोमची शीट घाला. बारीकसा खडाही काच तडकवू शकतो, तो भार या शीटमुळे वाटला जातो. मात्र तळाला प्लॅस्टिकची चौकट असेल तर वजन कडांवरच पेलायचे असते, तिथे शीट घालू नका.

आता जागा. टाकी भिंतीलगत ठेवा, खोलीच्या मधोमध नको. जुन्या इमारतीत लाकडी तक्त्यांचा मजला असेल तर आधी जाणकाराला दाखवा. स्टँडवर पाणसळ ठेवून पाहा. कल असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली द्या, टाकीखाली कधीच नको. मग टाकीत चार बोटे पाणी भरून चारही कोपऱ्यांत काठापासूनचे अंतर मोजा. ते सारखे आले तरच पुढे भरा.

घरात लहान मूल असेल तर उंच, अरुंद स्टँड घेऊ नका. ड्रॉवर असलेला तर नकोच, मुले त्याची शिडी करतात. स्टँड भिंतीला क्लॅम्पने पक्का करा. विजेचा बोर्ड टाकीच्या खाली नको, बाजूला हवा. मोटरची वायर आधी प्लगच्या खालपर्यंत सैल सोडा आणि मग वर न्या. वायरीवरून ओघळणारे पाणी खाली टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही.

आम्ही शेवटी लोखंडी स्टँड करून घेतला. नवी टाकी आली तेव्हा पाणी भरण्याआधी धाकट्याने दोन्ही हातांनी स्टँड हलवून पाहिला. तो हलला नाही. मग आम्ही बादल्या भरायला घेतल्या.